गाण्यात खिळा ठोकू नये

आमचे मुलुंडचे घरमालक भिंतीत खिळा ठोकू देत नसत आणि गाण्यात शब्द घालू देत नसत. दोन्हींचं कारण ते एकच सांगत. "राहायला दिलंय, विकलेलं नाही."

त्यांच्या घरात मी सात वर्षं चार महिने भाड्याने राहिलो. स्टेशनापासून माझ्या चालीने अकरा मिनिटांवर त्यांचं एकमजली घर होतं. खाली पुढच्या दोन खोल्यांत ते आणि काकू, मागच्या खोलीत एका गिरणीकामगाराचं मालवणी बिऱ्हाड, आणि वरच्या दोन खोल्यांत मी, माझी बायको आणि पुढे आमची मुलगी. मी विमा कंपनीत, दावे तपासण्याच्या खात्यात होतो, म्हणून ते मला 'विमेवाले' म्हणत. त्यांना मात्र सगळेच नुसतं 'मालक' म्हणत. पोस्टमनसुद्धा.

नोकरी त्यांनी दस्तनोंदणीच्या कचेरीत केली. तीस वर्षं लोकांच्या खरेदीखतांच्या आणि गहाणखतांच्या नकला उतरवल्या. निवृत्त झाल्यावर गाणी लिहायला लागले. काकूंचं म्हणणं, आधीही लिहीत, पण तेव्हा साहेबांच्या भीतीने गुणगुणत नसत. मंगलाष्टकं, पाळणे, डोहाळे, गणपतीच्या मेळ्याची पदं, शाळेचं स्वागतगीत, जे कोणी मागेल ते लिहून देत. पैसे घेत नसत. पण प्रत्येक गाण्याखाली दस्तासारखा तपशील असे: 'धृपद एक, कडवी चार, ओळी अठरा. वरच्या बाजूस श्रीगणेशाचे नाव, खालच्या बाजूस माझी सही. या हद्दीत दुसऱ्या कोणाचे काही नाही.' त्याच्या जोडीला एक परवाना असे. अमुक बाईंनी अमुक बारशाला हा पाळणा म्हणावा, शब्द बदलू नये, कडवं गाळू नये, दुसऱ्या कोणाला द्यायचा झाल्यास आधी विचारावं. परवान्याला फी नव्हती. फक्त विचारायला हवं होतं.

मी राहायला गेलो त्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. सकाळी दाढी करताना काहीतरी गुणगुणत होतो. जिन्यावरून आवाज आला.

"विमेवाले, कोणाचं गाणं?"

"माहीत नाही. कुठेतरी ऐकलं."

"म्हणजे रस्त्यात छत्री पडलेली दिसली तर उघडून चालू लागाल?"

मी नाही म्हटलं.

"मग आधी विचारायचं, छत्री कोणाची. नाहीच कळलं तर मनात म्हणायचं, ज्याची असेल त्याची, मी जरा घेतो. एवढं केलं की झालं."

अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मी ते मनात म्हटलं. पुढे सवयच लागली. आजही अनोळखी गाणं तोंडात आलं की आधी ते वाक्य म्हणतो आणि मग गाणं. माझी मुलगी हसते.

मालकांच्या या तत्त्वाला उत्तर फक्त काकूंकडे होतं. एकदा जेवताना मालक कोणा मेळेवाल्यांना शिव्या घालत होते. त्यांनी पदातला एक शब्द न विचारता बदलला होता. काकूंनी भाकरी थापता थापता विचारलं, "आणि लग्नात तुम्ही माझं अख्खं नाव बदललंत, तेव्हा परवाना घेतला होतात?"

मालक जेवायचे थांबले. तिसऱ्या दिवशी त्यांनी काकूंच्या माहेरच्या नावाने एक अर्ज लिहिला: सदर नाव चौतीस वर्षांपूर्वी विनापरवाना बदलण्यात आले, तरी पश्चात मंजुरी मिळावी. साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. काकूंनी तो अर्ज चष्मा लावून वाचला आणि डब्यात ठेवला. "विचार करून सांगते," म्हणाल्या. माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

घाटकोपरच्या एका लग्नात तर मी स्वतः हजर होतो. मालकांनी त्या घरातल्या थोरल्या मुलासाठी मंगलाष्टकं लिहून दिली होती. वर्षभराने धाकट्याचं लग्न निघालं. घरच्यांनी काटकसर केली: थोरल्याच्या मंगलाष्टकात नावं बदलली आणि तीच म्हणायला घेतली. पहिल्या ओळीलाच मालकांनी ती ओळखली. 'सावधान' झालं, सगळ्यांनी अक्षता टाकल्या. मालक मूठ मिटून उभे.

"टाका ना," मी म्हटलं.

"विनापरवाना मंगलाष्टकाला मी अक्षता टाकणार नाही."

"लग्न तर लागतंय."

"लागू दे. माझ्या अक्षतांशिवाय लागू दे."

नवऱ्या मुलाचे काका आले, हात जोडले, म्हणाले, चुकलं. मालकांनी खिशातलं पेन काढलं, लग्नपत्रिकेच्या पाठीवर परवाना लिहिला, काकांची सही घेतली. मग मांडवातून वाट काढत गेले आणि वधूवरांच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. तोपर्यंत ती दोघं जेवायला बसली होती. नवरीच्या पानातल्या श्रीखंडात तांदळाचे सात दाणे पडले. ती हसली, म्हणून सगळे हसले.

पण मालकांची खरी तटबंदी म्हणजे पाकिटं. गाणं पुरं झालं की ते दोन प्रती काढत. एक मागणाऱ्याला. दुसरी पाकिटात घालून, लाखेचं सील मारून, स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवत. दोन दिवसांनी पोस्टमन ते पाकीट आणून देई, मालक सही करून घेत आणि न फोडता ट्रंकेत ठेवत. पोस्टाचा शिक्का म्हणजे तारखेचा पुरावा. उद्या कोणी म्हणालं, हे गाणं माझं, तर साक्षीदारांसमोर पाकीट फोडायचं. कोणाचं आधीचं ते सरकारी शाईत दिसेल.

"मालक, पाठवणार तुम्ही, घेणार तुम्ही," पोस्टमन म्हणे. "मला कशाला उन्हातून फिरवता? इथल्या इथे एका खिशातून दुसऱ्या खिशात टाका ना."

"खिसा कोर्टात साक्ष देत नाही," मालक म्हणत. "तू देशील."

पोस्टमनला कोर्टाचं नाव ऐकून जरा बरं वाटे. पाकिटांवर नुसते क्रमांक असत. कोणत्या क्रमांकात काय, याची वही माझ्याकडे ठेवलेली होती. पाकिटं आणि यादी एका घरात नको, असं त्यांचं मत. वरचा मजला त्यांच्या हिशेबी दुसरं घर होतं. मी ती वही नीट ठेवली. नीट ठेवण्याजोगी वस्तू हाती आली की मला बरं वाटतं.

क्रमांक एकसष्ट हा माझ्या मुलीचा पाळणा.

मालकांनी तो बारशाच्या चार दिवस आधी लिहिला. पाच कडवी, एक धृपद. सोपा होता, चालही सोपी, फक्त तिसऱ्या कडव्यात त्यांच्या अंगात कचेरी आली होती:

निद्रादेवी उभी दारी घेउनिया चवऱ्या,
चंद्रिकेच्या सभेमाजी तारकांच्या फेऱ्या.

"बाकी छान आहे, पण इथे जीभ अडखळते," माझी बायको म्हणाली.

"जिभेला सवय करा," मालक म्हणाले.

बारसं झालं. आलेल्या बायकांना पाळणा आवडला. मालकांनी त्या संध्याकाळी नऊ परवाने लिहिले आणि त्यांचा हात दुखला. पुढे दीड-दोन वर्षांत तो पाळणा आमच्या गल्लीतून निघाला आणि भांडुप, घाटकोपर, कुर्ला असा पसरत गेला. परवाने मात्र नऊच राहिले.

एका रविवारी सकाळी अंधेरीच्या एका स्टुडिओतून एक तरुण आला. कुठल्याशा संगीतकाराचा मदतनीस. बुशशर्ट, तोंडात पान, बोलायला मोकळा. मालकांनी मला हाक मारून खाली बोलावलं.

"काका, तुमचा म्हणे एक पाळणा आहे," तो म्हणाला. "आम्हाला सिनेमात पाहिजे. पण मी खरं सांगू का, मी तो तीन घरांत ऐकला. तिन्ही घरांत बायका म्हणाल्या, आमच्या आजीपासूनचा आहे. चौथ्या घरातल्या बाईंनी तुमचं नाव सांगितलं, म्हणून आलो. तुमचा असेल तर इथे सही करा. नसेल तर आम्ही 'पारंपरिक' लिहितो. झंझट नाही ना."

मालकांचा चेहरा मी विसरलेलो नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालकीच्या नकला उतरवलेला माणूस, आणि त्याच्या एका बऱ्या गाण्याला कोणी बेवारस म्हणत होतं.

"विमेवाले, वही," ते म्हणाले.

वही आणली. ट्रंक उघडली. एकसष्ट नंबरचं पाकीट काढलं. आणि मालक थांबले. एकदा फोडलं की ते पाकीट पुन्हा पुरावा राहणार नव्हतं. कायद्याचं एक जुनं इंग्रजी पुस्तक त्यांच्यापाशी होतं, आणि नवा कायदा येतोय अशी बातमी आली की ते कात्रण त्यात ठेवत. पण पुस्तकापेक्षा त्यांचा विश्वास लाखेवर होता. त्यांनी काकूंना बोलावलं, शिक्क्यावरची तारीख मला मोठ्याने वाचायला लावली, ती बारशाच्या आधीची आहे हे पाहुण्याकडून वदवून घेतलं, आणि मग पाकीट फोडलं.

आत पाळणा. धृपदात माझ्या मुलीचं नाव.

तरुण खरंच खूश झाला. "मानलं, काका. झकास बंदोबस्त आहे." मग तो वाचत गेला आणि तिसऱ्या कडव्यावर अडला. "पण हे ते नाही. आम्हाला ते दुधाचं कडवं पाहिजे. संगीतकारांनी चाल त्याच्यावरच बांधलीये."

"कसलं दूध?"

त्याने म्हणून दाखवलं:

माझा डोळा लागे, बाळा, तू जरा जागं राहा,
चुलीवर आहे दूध, उतू जाईल, पाहा.

काकूंनी पदर तोंडाला लावला. मी दावे तपासणारा माणूस, कवितेतलं मला कळत नाही. पण बाळाला निजवता निजवता आईलाच झोप आली आणि ती बाळाला दुधाकडे बघायला सांगते आहे, हे मला दिसलं. त्या काळी दुधाच्या केंद्रावरून रांग लावून बाटली आणावी लागे. ते दूध उतू जाणं म्हणजे काय हे मुलुंडात कोणाला सांगायला नको होतं.

"तुमचंच असेल ना, नंतर बदललेलं?" तरुण म्हणाला, आणि त्याने पेन पुढे केलं.

मालकांनी हो म्हणायचा अवकाश होता. वही माझ्याकडे, पाकीट फुटलेलं, विचारणारं कोणी नाही. कदाचित त्यांच्या नावाचं हे एकच गाणं पडद्यावर जाणार होतं, आणि जे कडवं हवं होतं तेच त्यांचं नव्हतं.

"आठ दिवसांनी या," मालक म्हणाले.

तो दाराबाहेर पडायच्या आत ते गरजले, "माझ्या गाण्यात खिळा कोणी ठोकला?"

तो अख्खा रविवार आम्ही दोघं खिळा शोधत हिंडलो. सुरुवात माझ्या बायकोपासून. ती तर तेच कडवं म्हणत असे, माझ्या कानावर रोज पडत होतं आणि मला पत्ता नव्हता. "मला वाटलं तुम्हीच सुधारलंत," ती मालकांना म्हणाली. "मी भांडुपच्या नणंदेकडून उचललं." भांडुपला गेलो. माझी बहीण म्हणाली, घाटकोपरच्या वकिलीणबाईंकडून. घाटकोपरला गेलो. वकिलीणबाई म्हणाल्या, "अहो, मुलुंडलाच तर शिकले मी. तुमच्याच घराच्या मागच्या दारी. एक मालवणी बाई कपडे धुताना म्हणत होती."

आम्ही तसेच मुलुंडला परतलो.

मागच्या खोलीतल्या बिऱ्हाडातल्या बाईंना आम्ही सगळे काकी म्हणत असू. मालक वहिनी म्हणत. आमची मुलगी तान्ही असताना दुपारभर त्यांच्याच मांडीवर असे. आम्ही पोचलो तेव्हा त्या दगडावर चादर आपटत होत्या.

"वहिनी," मालक म्हणाले, "पाळण्यातलं दुधाचं कडवं तुमचं?"

काकींनी चादर सोडली. "माझां कसलां? पाळणो तुमचोच. तिसरां कडवां माका आठवाक नाय, म्हणान मदी कायतरी घातलंय. ह्या चेडवाक निजवतना माकाच झोप येय, तां म्हटलंय." मग मालकांच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "मालकानू, भिंतीक खिळो मारल्यासारखां झालां काय? खोली खाली करूची लागतली?"

मालक पायरीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी मनात तयारी करत होतो, आता काय बोलतात याची.

"खिळा नाही, वहिनी," ते म्हणाले. "भिंतीला खिडकी काढलीत तुम्ही." आणि थोड्या वेळाने, "माझ्या लक्षातच आलं नव्हतं, तिथे अंधार होता."

मग ते हसायला लागले. मालकांना मोठ्याने हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. काकू बाहेर आल्या, बायको जिन्यातून डोकावली, मुलीने कारण न कळता टाळ्या वाजवल्या. त्याच संध्याकाळी मालकांनी एक अर्ज लिहिला. या खेपेला अर्जदार ते स्वतः: 'आपले कडवे माझ्या पाळण्यात राहू देण्यास परवानगी मिळावी.' काकींनी अंगठा उठवण्याआधी अट घातली. मागच्या खोलीत फळी लावायला दोन खिळे. मालकांनी लिहून दिलं: दोन फक्त.

आठ दिवसांनी तो तरुण आला. छापील कागदावर लिहिलं होतं, गाण्याचे सर्व हक्क, सर्व ठिकाणी, सर्व काळासाठी. कागद इंग्रजी होता, मी वाचून मराठीत सांगितला.

"सर्व काळ म्हणजे किती?" मालकांनी विचारलं. "आकडा लिहा."

"काका, छापील आहे ते. सगळे करतात सही."

"मी या घरात दोन बिऱ्हाडं ठेवली. एकालाही घर विकलं नाही आणि एकालाही उघड्यावर ठेवलं नाही. गाणं तुमच्या सिनेमात राहील. खुशाल राहील. पण मालक आम्ही दोघं. सही मी करीन, वहिनी अंगठा करतील, आणि पडद्यावर दोन्ही नावं पाहिजेत. रेशनकार्डावर आहेत तशी."

"एका पाळण्याला दोन कवी?"

"मुलाला दोन आज्या नसतात का? आणि एक कलम घाला. बारशाला बायका हा पाळणा म्हणतील, त्याला तुमची कोणाची परवानगी लागणार नाही."

तरुण हसला. "कोण अडवणार आहे बायकांना?"

"आज तुम्ही हसताय," मालक म्हणाले. "उद्या तुमच्या खुर्चीत न हसणारा बसेल. लिहा."

मला वाटलं, गेला हा. तो खरंच गेला, कागद घेऊन. तीन आठवडे काही नाही. त्या तीन आठवड्यांत मालकांनी एकदाही म्हटलं नाही की आपलं चुकलं. काकूंनी मात्र देवापुढे दोनदा साखर ठेवली. बाविसाव्या दिवशी तो उगवला. छापील ओळीवर काट मारलेली, आमचं कलम शाईने लिहिलेलं. संगीतकारांना दुसरं कडवं सुचेना म्हणे, आणि चाल सोडवेना.

सिनेमा फार चालला नाही. पण पहिल्या रविवारी तीनच्या खेळाला आम्ही सगळे गेलो. नावं आली. मी मनात मोजत होतो, ती दोन नावं साडेचार सेकंद होती. काकींना वाचता येत नव्हतं, म्हणून मालकांनी बोटाने दाखवलं.

"वरचां नाव कोणाचां?" त्यांनी विचारलं.

"तुमचं."

"तुमचां खाली कित्या?"

"नंतर आलेल्या भाडेकरूला वर जागा द्यायची, ही आमच्या घरातली पद्धत आहे," मालक म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं.

मग पाळणा लागला. पडद्यावरची बाई दमलेली दिसत होती, ते मला पटलं. दुधाचं कडवं आलं आणि आमच्या पुढच्या रांगेतली एक बाई, मांडीवरच्या मुलाला थोपटत, पडद्याबरोबर हळू म्हणायला लागली. मी मालकांकडे पाहिलं. ते पुढे वाकले होते. त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला होता.

"बाई," ते कुजबुजले, "कोणाचं गाणं?"

तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "आमचंच. आमच्या आजीपासूनचं आहे."

मालक काकींकडे वळले. पेनाचं टोपण काढलेलं, तिकिटाचा तुकडा पालथा करून गुडघ्यावर ठेवलेला. "काय करायचं, वहिनी? निम्मा हक्क तुमचा आहे."

काकी पुढच्या रांगेकडे पाहत होत्या.

"गप रवा, मालकानू," त्या म्हणाल्या. "तिचां पोर निजलां."

मालकांनी पेनाला टोपण लावलं.